तीन वर्षांची बी.एस्सी. आणि आमचं ग्रॅज्युएट कौन्सिल

अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्ज करायला बसलं की विद्यापीठाच्या नियमांत एक ओळ हमखास समोर येते: अर्जदाराकडे चार वर्षांची पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण हवं. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची. ती तोडीची आहे की नाही हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं, हे अर्ज करणाऱ्याला कधी दिसत नाही. मला ते आतून बघायला मिळालं आणि थोडंफार बदलताही आलं, म्हणून लिहितोय.

मी मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत भूशास्त्र शिकवतो. माझा विषय भूजल. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही पुण्यात केलं होतं, म्हणजे पदरात पाच वर्षं होती, त्यामुळे पीएच.डी.ला येताना मला ही अडचण आली नाही. बी.एस्सी.नंतर थेट येऊ पाहणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना मात्र आली. त्यातले काही एम.एस्सी. करून पुन्हा अर्ज करायला लागले आणि काहींनी नाद सोडला. त्यांच्यातले दोघं-तिघं माझ्यापेक्षा हुशार होते, हे मी मनापासून सांगतो.

पुढे विज्ञान शाखेचा प्रतिनिधी म्हणून मी ग्रॅज्युएट कौन्सिलवर निवडून गेलो. आपल्याकडची अभ्यास मंडळं आणि विद्या परिषद यांच्या मधली ही पायरी. महिन्यातून एकदा बैठक, लांबलचक टेबल, आणि आदल्या आठवड्यात आलेली जाडजूड पीडीएफ. कामं मुख्यतः दोन. पदव्युत्तर वर्गांसाठी आलेले नव्या कोर्सचे प्रस्ताव तपासायचे, आणि प्रवेशाचे, शिष्यवृत्त्यांचे, प्रबंधाचे नियम ठरवायचे. कोर्सचे प्रस्ताव म्हणजे कागदी काम आणि प्रवेशाचं धोरण म्हणजे खरं काम, असं तिथले बरेचजण मानतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण याच अनुभवात आहे.

त्या वर्षी माझाच एक प्रस्ताव रांगेत होता: भेगाळ खडकांतलं भूजल. आमच्याकडे अशा कोर्सला दोन क्रमांक मिळतात, 400 च्या घरातला पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी आणि 500 च्या घरातला पदव्युत्तरसाठी. दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात, एकाच वेळी बसतात. विभाग लहान असला की याशिवाय गत्यंतर नसतं. सहा-सात मुलांसाठी दोन वेगळे वर्ग कोणताही डीन मंजूर करत नाही.

प्रस्तावाची वाट लांब असते. आधी विभागाची अभ्यासक्रम समिती, मग कॉलेजची, मग ग्रॅज्युएट कौन्सिल, त्यानंतर फॅकल्टी सिनेट (प्राध्यापकांचं प्रतिनिधी मंडळ) आणि प्रोव्होस्ट (विद्यापीठाचा मुख्य शैक्षणिक अधिकारी), आणि सगळ्यात शेवटी रजिस्ट्रार, जो कोर्सला कॅटलॉगमध्ये जागा देतो. फॉर्मवर कोर्सचं चाळीस-पन्नास शब्दांतलं वर्णन, पूर्वअट, तीन क्रेडिट, आठवड्यागणिक विषय, ग्रंथालयात काय आहे आणि काय घ्यावं लागेल, क्षेत्रभेटीचा खर्च कोण उचलणार, सगळं भरायचं. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीन तास वर्गात आणि किमान सहा तास वर्गाबाहेर, असं साधारण पंधरा आठवडे. हे फेडरल नियमातच आहे, त्यामुळे गृहपाठाचे तासही हिशेबात दाखवावे लागतात. कोर्स झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते मोजता येईल अशा भाषेत लिहायचं. 'विषयाची जाण येईल' एवढ्यावर फॉर्म परत येतो. 'पंपिंग टेस्टच्या आकडेवारीवरून पाणीवहनक्षमता काढता येईल' असं लिहिलं की पुढे सरकतो. मला ही सक्ती आवडते. माझ्या शिक्षकांनी कधी असं लिहिलं नव्हतं, पण त्यांच्या डोक्यात ते स्पष्ट असायचं. इथे ते कागदावर उतरवावं लागतं आणि उतरवताना कोर्स सुधारतो.

स्थापत्य अभियांत्रिकी विभागाकडून 'आमच्या कोर्सशी याचा टकराव नाही' असं पत्र लागत होतं. ते मिळायला वेळ लागला, कारण त्यांच्याकडे भूजलाचा एक कोर्स आधीपासून होता. मी त्यांच्या प्राध्यापिकेकडे जाऊन बसलो. त्यांचा सगळा भर वाळू-गाळाच्या जलधरांवर, म्हणजे पाणी साठवणाऱ्या थरांवर, होता आणि माझा कठीण खडकावर. हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पत्र तर दिलंच, शिवाय त्यांचे विद्यार्थीही माझ्या वर्गात पाठवायचं कबूल केलं.

कौन्सिलच्या बैठकीत माझ्याच प्रस्तावावर मला मत नव्हतं. मी खुर्ची बदलून टेबलाच्या टोकाला उत्तरं द्यायला बसलो. पहिलाच प्रश्न नेमका जागेवर बसणारा होता: एकाच वर्गात दोघं बसणार, तर पदव्युत्तर विद्यार्थी जास्तीचं काय करणार? प्रश्न करणारीचा हेतू चांगला होता. आमच्या भागातल्या विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनचा दंडक आहे की पदव्युत्तर पदवीत मोजल्या जाणाऱ्या कोर्सपैकी निदान निम्मे पदव्युत्तर कामासाठीच आखलेले असावेत, पदवीच्या वर्गात आणून बसवलेले नव्हेत. 'एक निबंध जास्त लिहितील' हे उत्तर तिथे चालत नाही.

मी त्यांना दोन उदाहरणं दिली. अमेरिकन भूजलतज्ज्ञ थाइस यांनी 1935 मध्ये विहिरीतून पाणी उपसताना आजूबाजूची पातळी कशी खाली जाते याचं समीकरण मांडलं. पदवीचा विद्यार्थी त्या वक्ररेषेवर आपली आकडेवारी बसवून उत्तर काढेल. पण थाइस यांचं गृहीतक असं की जलधर सगळीकडे सारखा आहे आणि अमर्याद पसरलेला आहे. भेगाळ खडक तसा नसतो. तिथे पाणी भेगेतून वाहतं, आणि भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. उतार तोच असेल आणि भेग दुप्पट रुंद असेल, तर पाणी आठपट. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक बारमाही आणि दुसरी मार्चमध्ये कोरडी पडते. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हे कुणाही शेतकऱ्याला विचारा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने थाइस कुठे आणि का लागू पडत नाही हे त्याच आकडेवारीवरून दाखवायचं आणि भेगा व खडक यांचा वेगवेगळा हिशेब ठेवणारं संगणकी प्रतिमान (मॉडेल) चालवायचं.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या वॉकर्टनचं. मे 2000 मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखतातले जिवाणू एका उथळ नगरविहिरीत उतरले, 7 माणसं दगावली आणि 2,300 च्या आसपास आजारी पडली. खडक भेगाळ असल्यामुळे पाणी गाळलं जाण्याआधीच विहिरीपर्यंत पोहोचलं, आणि क्लोरीनवर नीट लक्ष ठेवलेलं नव्हतं. पदवीच्या मुलांनी ही घटना समजून घ्यायची. पदव्युत्तर मुलांनी त्या विहिरीभोवती संरक्षित क्षेत्र कसं आखायला हवं होतं ते गणित करून मांडायचं. यानंतर फारसं कुणी काही विचारलं नाही. प्रस्ताव मंजूर झाला.

पण त्या चर्चेतलं एक वाक्य माझ्या मनात राहिलं. इतिहास विभागाचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "म्हणजे 500 चा कोर्स सुरू करायला विद्यार्थ्याला काय यायला हवं, हे तुम्ही आम्हाला नेमकं सांगितलंत." मला वाटलं, प्रवेशाचा प्रश्न तरी याहून वेगळा काय आहे?

कारण प्रवेशाचं धोरण त्याच सुमारास कौन्सिलसमोर येत होतं. भारतातून येणारे अर्ज वाढले होते. देशभर तेच चाललं होतं. 2023-24 मध्ये अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 3,31,602 झाली, चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला आणि त्यातले जवळजवळ दोन लाख पदव्युत्तर शिक्षण घेणारे होते. आमच्याकडे मात्र अर्ज विभागापर्यंत पोहोचायच्या आधी प्रवेश कार्यालयात एक चाळणी लागे. पदवी तीन वर्षांची दिसली की अर्ज तिथेच 'अपात्र' होई. प्राध्यापकांच्या नजरेला तो पडतच नसे. कार्यालयातली माणसं चांगली होती, कामाच्या ओझ्याखाली दबलेली होती, आणि नियमाप्रमाणेच वागत होती. बदलायचा होता तो नियम.

आणि तो नियम सगळ्यांना सारखाही नव्हता. 1999 मध्ये युरोपातल्या 29 देशांच्या मंत्र्यांनी इटलीतल्या बोलोन्या इथे एकत्र येऊन शिक्षणव्यवस्था एका साच्यात आणायचं ठरवलं, आणि तिथे तीन वर्षांची पदवी आणि पुढे दोन वर्षांची मास्टर्स ही रचना रूढ झाली. आमच्या विद्यापीठाने त्या तीन वर्षांच्या युरोपीय पदव्या आधीच मान्य केल्या होत्या. बोलोन्या पद्धतीची तीन वर्षांची, 180 युरोपीय क्रेडिटची पदवी घेतलेला इटालियन विद्यार्थी आत आणि पुण्याचा बी.एस्सी. बाहेर. हे टेबलावर मांडल्यावर बऱ्याच सदस्यांना खरोखर धक्का बसला, कारण दोन्ही नियम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी केलेले होते. ते शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नव्हते.

उपसमिती नेमली गेली आणि मी तिच्यात गेलो. तिथे मी नाव झाकलेली एक गुणपत्रिका नेली. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाची होती. ती मुलगी अपात्र ठरली होती. मी ती ओळ-ओळ वाचून दाखवली. एफ.वाय.ला चार विषय, एस.वाय.ला तीन, आणि टी.वाय.ला एकच, भूशास्त्र. त्या एका वर्षात प्रत्येक सत्राला सहा थिअरीचे पेपर आणि शिवाय प्रात्यक्षिकं. खनिजशास्त्र, अग्निजन्य खडक, रूपांतरित खडक, संरचनात्मक भूशास्त्र, स्तरशास्त्र, भूजल. मग आमच्याच विभागाच्या पदवीचा आराखडा शेजारी ठेवला. चार वर्षं, 120 क्रेडिट, त्यातली सुमारे 40 सर्वसाधारण शिक्षणाची: इंग्रजी लेखन, इतिहास, कला, समाजशास्त्र. भूशास्त्राची साधारण तेवढीच. उरलेली गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि ऐच्छिक विषयांची. केवळ भूशास्त्राचे तास मोजले तर ती मुलगी आमच्या पदवीधराच्या मागे नव्हती, प्रात्यक्षिकांत तर पुढे होती. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खनिज ओळखायची जितकी सवय टी.वाय.च्या मुलांना असते तितकी इथे फार थोड्यांना असते.

गुणांचाही खुलासा करावा लागला. तिला 64 टक्के होते. अमेरिकन डोळ्यांना 64 म्हणजे जेमतेम पास. आपल्याकडे 60 च्या वर प्रथम श्रेणी असते, 70 ला विशेष प्रावीण्य, आणि विज्ञानाच्या थिअरीत 80 मिळवणारी मुलं जुन्या पॅटर्नमध्ये बोटावर मोजण्याइतकी असत. टक्क्यांचं थेट ग्रेडमध्ये रूपांतर केलं की चांगली मुलं मार खातात.

विरोधही झाला, आणि तो ऐकण्यासारखा होता. एका सदस्याचं म्हणणं, आमची मुलं चौथ्या वर्षाची फी भरतात, कर्ज काढतात. इतरांना तीन वर्षांत दार उघडलं तर त्यांना काय सांगायचं? दुसरीचं म्हणणं, सर्वसाधारण शिक्षण म्हणजे पदवीला जोडलेलं शेपूट नाही, लिहिता-वाचता येणं, युक्तिवाद करता येणं त्यातूनच येतं. हे मला अर्धं पटतं. प्रबंध लिहायला बसलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना सलग पाच पानं लिहिताना किती त्रास होतो ते मी रोज बघतो. आपल्या विज्ञान शाखेत लिहायला कुणी शिकवतच नाही. आणखी एकाने विचारलं, भारतातच आता 2020 च्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची पदवी येतेय, मग आपण घाई कशाला करायची? त्यावर मी सांगितलं, की त्या धोरणातही तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, आणि जुन्या पद्धतीने शिकलेली लाखो मुलं पुढची कितीतरी वर्षं अर्ज करत राहणार आहेत.

सर्वांत जास्त वेळ गेला तो महाविद्यालयांच्या दर्जावर. पदव्यांचं मूल्यमापन करणारी डब्ल्यूईएस ही संस्था भारतातली तीन वर्षांची पदवी अमेरिकन पदवीच्या तोडीची धरते, पण नॅकची (भारतातल्या महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) 'ए' किंवा वरची श्रेणी आणि प्रथम किंवा द्वितीय श्रेणीचे गुण असले तर. अशीच अट आपणही महाविद्यालयाच्या श्रेणीवरून घालू, असा प्रस्ताव आला. सोपा आणि सुटसुटीत. मी त्याला जोर लावून विरोध केला. नॅकची श्रेणी महाविद्यालयाला मिळते, विद्यार्थ्याला नाही. संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांच्या पद्धतीत विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच असते. पुण्यातल्या नामांकित कॉलेजची मुलगी आणि तालुक्याच्या कॉलेजची मुलगी एकाच दिवशी तोच पेपर सोडवतात, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कॉलेज माहीत नसतं. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा अपुरी, पुस्तकं जुनी, आणि तरी तोच पेपर सोडवून प्रथम श्रेणी. तिला कॉलेजच्या श्रेणीवरून दारातच थांबवणं हा अन्याय आहे असं मी म्हणालो, आणि आवाज थोडा चढला होता. ज्यांच्याकडे शहरात राहायला पैसे नसतात तीच मुलं या अटीत अडकतात.

मार्ग सापडला तो माझ्या कोर्सच्या फॉर्ममधून. मी सुचवलं की वर्षं मोजणं सोडून देऊ. प्रत्येक विभागाने आपल्या 500 च्या कोर्सना लागणाऱ्या पूर्वअटी आधीच कौन्सिलकडून मंजूर करून घेतल्या आहेत. तीच यादी प्रवेशाला वापरायची. तीन वर्षांच्या पदवीचा अर्ज कार्यालयाने बाद न करता विभागाकडे पाठवायचा, विभागाने विषय पडताळायचे, आणि एखाद-दुसरी उणीव असेल तर ती दोन क्रमांकांच्या कोर्समधून पहिल्याच वर्षी भरून काढायची.

यातली मेख व्हिसाची होती. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायला हवं, आणि आमच्याकडे पदव्युत्तरला पूर्णवेळ म्हणजे सत्राला 9 क्रेडिट. उणीव भरायला त्याला पदवीच्या वर्गात बसवलं तर ती क्रेडिट त्याच्या एम.एस.मध्ये धरली जात नाहीत. पैसे जातात आणि वर्ष लांबतं. 500 क्रमांकाखाली तोच विषय घेतला तर उणीवही भरते आणि क्रेडिटही मोजली जातात. म्हणून दोन क्रमांकांच्या कोर्समध्ये पदव्युत्तर काम खरोखर वेगळं असणं इतकं महत्त्वाचं होतं. ते नुसतं नावापुरतं असतं तर हा पूल मान्यतेच्या तपासणीत टिकला नसता. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या सल्लागार बाईंनी हा मुद्दा कौन्सिलला समजावून सांगितला. त्यांच्याशिवाय ठराव झाला नसता.

इंग्रजीच्या परीक्षांवर फार वाद झाला नाही. कोविडमध्ये केंद्रं बंद पडल्यावर स्वीकारलेली डुओलिंगो चालू ठेवली, आणि अध्यापन सहायकासाठी टोफेलच्या संभाषणाच्या भागात जास्त गुण हवेत हे कायम राहिलं. ते योग्यच आहे, समोर पहिल्या वर्षाची मुलं असतात.

ठराव बहुमताने झाला, एकमताने नाही. फीचा मुद्दा मांडणाऱ्या सदस्याने विरोधात मत दिलं आणि नंतर कॉरिडॉरमध्ये माझ्याशी हात मिळवला. सिनेटमध्ये एक दुरुस्ती आली: विभागाने प्रत्येक निर्णयाचं लेखी कारण द्यायचं. ती मी आनंदाने घेतली. पुढच्या कॅटलॉगमधून जुनी ओळ गेली. ज्या मुलीची गुणपत्रिका मी नेली होती ती तोवर दुसरीकडे, जर्मनीत, गेली होती. तिला याचा उपयोग झाला नाही. तिच्यानंतर आलेल्यांना होतोय.

आता मी विभागात हे अर्ज वाचतो, आणि जी अडचण वारंवार येते ती सांगतो. नुसत्या गुणपत्रिकेवर 'जीएल-334' असं छापलेलं असतं, त्यावरून मला काहीच कळत नाही. तुम्ही शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम जोडा, पेपरवार, प्रात्यक्षिकांच्या यादीसह. विद्यापीठं दर चार-पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात आणि जुना संकेतस्थळावरून काढून टाकतात, म्हणून टी.वाय.ला असतानाच पीडीएफ उतरवून घ्या आणि विभागप्रमुखांची सही-शिक्का घेऊन ठेवा. क्षेत्रभेटी किती दिवसांच्या होत्या, कुठे गेलात, काय मोजलंत हे उद्देशपत्रात लिहा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना सांगा की 'मेहनती व सुस्वभावी' एवढ्यावर थांबू नका, विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत काय केलं ते लिहा. आणि अर्ज 'अपात्र' म्हणून परत आला तर तिथेच थांबू नका. त्या विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करून विचारा की माझा अर्ज विभागाने पाहिला का. त्यांच्यापर्यंत तो पोहोचलेलाच नसण्याची शक्यता बरीच असते.